कोरड्या दिवसांतला गाळ

मंडळी, बढाई मारायची तर डोंगराबद्दल मारावी, तो बिचारा जागचा हलत नाही! आमच्या गाळवाल्यानं मारली ती नदीबद्दल.

"हिच्या पोटातलं सगळं माझ्या मॉडेलला कळतं, साहेब!"

पाऊस, उतार, माती यांचे आकडे घातले, की छोटी नदी वर्षाला किती गाळ वाहून नेईल, ते त्याचं मॉडेल सांगायचं. म्हणून तर ऑफिसात सगळे त्याला गाळवाला म्हणत! पडताळ्यासाठी त्यानं नदीच्या पायऱ्यांपाशी गढूळपणा मोजणारं यंत्र बुडवून ठेवलं होतं. आई गेल्यापासून तो या कामात असा काही शिरला, की घरी वडिलांशी "जेवलात?" "जेवलो." यापलीकडे गाडी सरकत नव्हती.

पण नदीच फितूर झाली! आभाळ कोरडं ठणठणीत, अन् रोज संध्याकाळी यंत्र बोंबलतंय, गाळ! गाळ!

गाळवाल्यानं डोकं खाजवून सिद्धान्तच ठोकला. "दिवसभर तापलेला काठ संध्याकाळी ढासळतो!"

साहेब असे फुगले, जणू नदी त्यांनीच खणली होती. "वा! मोठ्या साहेबांना जागेवर दाखवू. आजच!"

दोन साहेब, एक कॅमेरा अन् एक छत्री अशी फौज संध्याकाळी नदीवर पोचली. काठ ढिम्म! खालच्या पायरीवर मात्र एक म्हातारा, विजार दुमडून, पाण्यात पाय घोळवत बसलेला. तळाचा चिखल उठून थेट यंत्रावर!

"ओ आजोबा! सरकारी यंत्र आहे ते!" साहेब ओरडले.

म्हातारा वळला. गाळवाला दोन पायऱ्या खाली उतरला. "बाबा?"

"अरे, तू होय!" बाबा ओशाळले. "तुझी आई अन् मी इथंच बसायचो. ती मुद्दाम पाणी गढूळ करायची, मी रागवायचो. आता मीच करतो. बरं वाटतं."

कॅमेरा खाली झाला. साहेबांनी उगाच छत्री उघडली अन् मिटली.

"काठाचं काय?" मोठ्या साहेबांनी हळूच विचारलं.

"शाबूत आहे, साहेब," गाळवाला म्हणाला.

"तुझं ते मॉडेल सगळं सांगतं म्हणे," बाबा म्हणाले. "मग तिच्यावाचून मला असं सुनं किती दिवस वाटत राहणार, तेवढं विचार की त्याला."

गाळवाल्यानं बूट काढले, बाबांच्या शेजारी बसून पाण्यात पाय सोडले.

थोड्याच वेळात ऑफिसात आकडे बघत बसलेल्या बाईंचा फोन आला. "अहो, यंत्राचा आकडा वेड्यासारखा चढतोय! पूर आलाय का तिकडं?"

गाळवाल्यानं शर्टाच्या बाहीला नाक पुसलं.

"हो," म्हणाला, "थोडासा."