बिबडे वाळवण्याबाबतचे शुद्धिपत्र

‘बिबडे उन्हात वाळवतात’ हे एक वाक्य छापून आणण्यासाठी मी गेल्या वर्षी अकरा महिने खर्च केले. त्याची हकिकत नोंदवून ठेवते, कारण ते वाक्य काही छापून आले नाही.

बिबडे म्हणजे आमच्या खानदेशातले ज्वारीचे पापड. लसूण-तीळ घालून शिजवलेला घाटा ओल्या धोतरावर हाताने थापायचा आणि वाळवायचा. १९८८ साली मी जळगावच्या एका महिला महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवत होते. एका संशोधन त्रैमासिकात बिबड्यांवर लेख लिहायचा म्हणून सोनगीर गावात दरवर्षी बिबडे करणाऱ्या झुंबरअक्कांकडे गेले. महिना एप्रिलचा. बायका छतावर थापत होत्या. मला ऊन सोसेना, म्हणून मी ओसरीत चहा पीत बसले आणि तिथून जेवढे दिसले तेवढे शास्त्रीय भाषेत लिहिले. ओसरीतल्या खाटेवर तयार बिबडे डब्यात भरण्याआधी निवायला ठेवले होते. ‘बिबडे सावलीत वाळवतात,’ असे मी लिहिले, आणि कृतज्ञतेपोटी माहिती देणारी म्हणून अक्कांचे पूर्ण नाव, वय, गाव खाली छापले.

तो अंक गावात पोचला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात थापायला बसलेल्या बायका एकमेकींना सांगतात, “झुंबरले ईचारा, सावली कोठे शे.”

अक्का आता शहाऐंशीच्या आहेत. नातसून सारिकाच्या फोनवरून त्या मला म्हणाल्या, “तूच छापं ना बाई, मंग आते तूच पुस. मी जावाना पहिले पुस.”

त्या जायच्या आत ते छापलेले पुसून काढीन, असा मी शब्द दिला. मला वाटले, काम पोस्टकार्डाचे आहे. आमच्या वेळी फुलस्केप कागदाच्या एका बाजूला लिहायचे, टाचणी लावायची आणि पाकीट टाकायचे. संपादकांचे कार्ड यायचे : ‘लेख मिळाला. घरी सर्व क्षेम असावे.’ त्रैमासिक अजून निघते. फक्त आता लेखकांसाठीच्या सूचनाच चोवीस पानांच्या आहेत, आणि लेख आठ पानांच्या वर नको, अशी त्यातली सतरावी सूचना आहे.

माझी विद्यार्थिनी दिपमाला आता त्याच महाविद्यालयात प्राध्यापक आहे. तिने सूचना वाचून काढल्या.

“मॅडम, शुद्धिपत्र सहा महिन्यांच्या आत द्यायचं असतं. आपल्याला सदतीस वर्षं झालीत. आता पूर्ण पेपरच लागेल.”

“एका वाक्याचा?”

“ते निष्कर्षात टाकू. त्याच्या आधी साडेतीन हजार शब्द लागतात.”

ते शब्द आम्ही जमवले. गोषवारा झाला, पाच बीजशब्द झाले. ‘ऊन’ हा शब्द ढोबळ ठरला, म्हणून ‘प्रत्यक्ष सौर प्रारणाच्या सान्निध्यातील निर्जलीकरण’ झाले. सहलेखक म्हणून दिपमालाचे नाव आले, मग तिच्या विभागप्रमुखांचे आले. त्यांनी बिबडे खाल्ले होते.

नंतर लेख वाङ्मयचोरी तपासणाऱ्या यंत्रातून गेला. तीन तक्त्यांना त्याने हात लावला नाही. नेमके ‘बिबडे उन्हात वाळवतात’ हे वाक्य लाल करून परत पाठवले.

“हे वाक्य चारशे ठिकाणी सापडलं,” दिपमाला म्हणाली. “पापडाच्या रेसिपीत, ब्लॉगवर, सगळीकडे.”

“मग त्यांचाच संदर्भ दे.”

“ते संदर्भ म्हणून चालत नाहीत, मॅडम. चोरी म्हणून चालतात.”

म्हणजे खरे ते सगळ्यांनी आधीच लिहून ठेवले होते. मौलिक अशी माझी चूकच तेवढी होती. मी वाक्य काढू दिले. आशय राहील, असे मनाला सांगितले.

पुढची सूचना नीतिमत्तेची. माहिती देणाऱ्याची ओळख गुप्त ठेवावी व तशी लेखी संमती जोडावी. मी फॉर्म घेऊन सोनगीरला गेले. ‘माझे नाव कुठेही छापू नये’ असे लिहिलेल्या कागदावर अक्कांनी चष्मा पुसून, एकेक अक्षर जोडत, आपले नाव लिहिले. नाव छापायला घेतले, असेच त्यांना वाटले. मी फॉर्म घडी करून पिशवीत टाकला. पुढची एसटी गाठायची होती.

चार महिन्यांनी संपादक प्रेमराज सरांचा फोन आला. आवाजात फार आदर होता.

“बाई, परीक्षकांना लेख आवडलाय. पण ‘सहभागी क्रमांक एक’चं म्हणणं प्रमाणित साहित्याशी जुळत नाही.”

“कुठल्या साहित्याशी?”

“या विषयावर एकच मान्यताप्राप्त लेख आहे. १९८८चा. तुमचाच.”

“तो चुकीचा आहे, सर. तेच तर सांगतेय मी.”

“आपण नम्रपणे म्हणताय, पण आम्हाला छापील पुरावा लागतो. तो चुकीचा असल्याचा काही संदर्भ आहे का?”

“मी आहे ना.”

“आपण अप्रकाशित आहात, बाई.”

यावर मी लेख मागे घ्यायला हवा होता. पण दिपमालाची बढती या लेखावर अडली होती, आणि खरे सांगायचे तर सदतीस वर्षांनी कोणीतरी मला प्रमाण मानत होते. परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या मी मान्य केल्या.

अंक आला. माझे नाव ठळक. निष्कर्षात ‘सावलीत वाळवण्याच्या पद्धतीस दुजोरा मिळतो’ असे वाक्य. मर्यादा या मथळ्याखाली एक ओळ : ‘सहभागी क्रमांक एकच्या वयामुळे तिची स्मरणशक्ती विश्वसनीय मानता येत नाही.’

मी स्वतः अंक घेऊन गेले. सारिकाने ती ओळ मोठ्याने वाचली आणि मग आपल्याला वाचता येते याचाच तिला पश्चात्ताप झाला. अक्कांनी अंक हातात घेऊन पान चाचपले.

“मन्हं नाव कोठे शे?”

मी क्रमांक एकवर बोट ठेवले.

“पहिले खोटं व्हतं,” त्या म्हणाल्या, “पन नाव तरी मन्हं व्हतं.” आणि मला चहा टाकायला त्यांनी सारिकाला आत पाठवले.

आता आपण, वाचकहो, माझ्यावर चिडून अक्कांची बाजू घेतली असेल. घ्यावीच. पण बिबडे उन्हात वाळवतात, हे आपल्याला सांगितले कोणी? मीच, आणि तेही छापून. सोनगीरच्या छतावर तर मी अजूनही चढलेले नाही.