साडेतीन लिटरचं गॅस्केट

"झाकणच तर हाय! त्याला कशाला पायजे मिस्त्री? जन्मभर लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधले मी. एका तरी बरणीतनं थेंब सांडलाय का कधी?"

असं म्हणून सरूबाईंनी पदर खोचला आणि बेगमचं बॉनेट उघडलं.

बेगम म्हणजे त्यांची मोटार. पिस्ता रंगाची, ऐटबाज, मुलगा राजेंद्र जन्मला त्या साली आप्पासाहेबांनी घेतलेली. बेगम हे नाव शेजारच्या नवाबभाईंनी ठेवलेलं. ते म्हणायचे, "सकाळी उठायला अर्धा तास घेती, रस्त्यात दर कोसाला पाणी मागती, आन पीछे से कितना भी हॉर्न बजाओ, चाल बदलत नाय. बेगम नाय तर काय म्हणावं हिला?"

आप्पासाहेब जाऊन बरीच वर्षं झाली, पण बेगम काही थांबली नाही. स्टिअरिंगवर सरूबाई, शेजारच्या सीटवर नवाबभाईंची बायको सगीरा आपा, आणि मागच्या सीटवर जेवणाचे डबे. भाजीला औरंगपुरा, कापड बघायला (घ्यायला नव्हे!) गुलमंडी, आणि मन उदास झालं की गंगापूरच्या रस्त्याने थेट कायगाव, गोदावरीत पाय बुडवून बसायला. सत्तरी ओलांडलेल्या दोन बाया, मुलाला विचारायचं नाही की सुनेला, मनात आलं की निघायचं! हे ज्याला साधं वाटत असेल त्याने एकदा सत्तरी ओलांडून बघावी.

अशा या बेगमला गळती लागली. इंजिनाच्या तोंडाकडून थेंब थेंब तेल. सोसायटीच्या नव्या कोऱ्या फरशीवर रोज एक नकाशा उमटू लागला. कुणीतरी त्या नकाशांचे फोटो पुण्याला राजेंद्रकडे धाडले, आणि त्याचा फोन आला.

"आई, रविवारी येतोय मी. गाडीखाली एक थेंब जरी दिसला ना, तर ती भंगारात! भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय."

"आन नाय दिसला तर?"

"तर राहू दे. पण दिसणारच!"

हा 'दिसणारच' सरूबाईंना फार झोंबला.

याह्या मिस्त्री आधी येऊन गेला होता. वाकून बघितलं, बोटाला तेल लावून हुंगलं आणि हळहळला. "खाला, टायमिंग कव्हरचं गॅस्केट गेलंय. इंजिनाच्या तोंडावर हे पत्र्याचं झाकण हाय ना, त्याच्या मधी कागदाची पट्टी असती. ती सडली. आता हा पार्ट येतच नाय बाजारात. राजूभाई म्हणतेत ते..."

"चहा पी आन नीघ," सरूबाई म्हणाल्या.

"टायमिंग?" म्हणून नवाबभाईंनी उगाच मनगटावरचं घड्याळ बघितलं.

आता सरूबाईंना हे काम येत होतं का? छे! पण बघितलेलं होतं. आप्पासाहेब गाडीशी झटायचे तेव्हा बॅटरीचा उजेड धरायचं काम यांच्याकडे असायचं. पाना फिरवणाऱ्याला एक बोल्ट दिसतो. बॅटरी धरणाऱ्याला अख्खं इंजिन दिसतं, आणि वर शिव्याही ऐकू येतात. कुठल्या बोल्टला कुठली शिवी लागते, हे सरूबाईंना तोंडपाठ होतं!

त्यांनी कामं वाटून दिली. गॅस्केट आणायला नवाबभाई गुलमंडीत. "गुलमंडीत मिळत नाय अशी चीज अल्लाने बनवलीच नाय," म्हणत ते ऐटीत गेले. इकडे दोघींनी पुढची जाळी काढली, पाण्याची टाकी उतरवली, पंखा काढला, पट्टा काढला. बोल्ट लहानमोठे होते. ते हरवू नयेत म्हणून सरूबाईंनी मिसळणाचा डबाच रिकामा करून आणला. वरचे बोल्ट हळदीच्या वाटीत, बाजूचे मोहरीच्या, खालचे जिऱ्याच्या. असा चोख कारभार मोठमोठ्या कारखान्यांत सापडायचा नाही!

तेवढ्यात नवाबभाई लढाई जिंकल्यासारखे परतले. पिशवीतून त्यांनी दोन काळीभोर, गोल, चकचकीत रबरं काढली.

"हे काय?"

"गॅस्केट!"

"नवाबभाई, हे कुकरचं हाय!"

"असं कसं? दुकानदारानं खुद्द विचारलं, किती लिटरचं? मी म्हणलं, साडेतीन! इंजिनात साडेतीन लिटरच तेल बसतंय ना भाभी? तो म्हणला, साडेतीनचं येत नाय, तीनचं येतं नायतर पाचचं. म्हणून दोन्ही आणले. एक तरी बसंल!"

सगीरा आपांनी कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! अन् शिट्टी? शिट्टी नै आणली?"

"आणली ना. मोफत दिली त्यानं." नवाबभाईंनी खिशातून शिट्टी काढून दाखवली.

पण अशाने सरूबाई खचल्या असत्या तर त्या सरूबाई कसल्या! "गॅस्केटचं मागनं बघू. आधी झाकण तर निघू द्या," म्हणत त्या पुलीच्या नटाकडे वळल्या.

हा नट म्हणजे सगळ्या इंजिनाचा सासरा. तो हलल्याशिवाय झाकण निघत नाही, आणि तो हलत नाही. इंजिन फिरू नये म्हणून नवाबभाईंना गाडीत बसवलं, गिअर टाकला, ब्रेकवर दोन्ही पाय दाबून धरायला सांगितले. पान्याला लांबलचक दांडा हवा म्हणून जुन्या खाटेची लोखंडी नळी त्यावर चढवली. दोघी नळीला लोंबकळल्या.

"एक, दोन, तीन!"

नट ढिम्म.

"वजन कमी पडतंय," सगीरा आपा म्हणाल्या.

"वजन नाय, आपा. शिवी कमी पडतीय."

सरूबाईंनी इकडे तिकडे बघितलं. फाटकापाशी वाळूजच्या कारखान्याची पाळीची बस धरायला पाच-सहा पोरं उभी होती. शेवटी डोळे गच्च मिटून त्यांनी आप्पासाहेबांची ती खास शिवी हासडली, आणि लोंबकळल्या.

कडाक्!

नट सुटला! दोघी मायमाउल्या फरशीवर बैठकच मारून बसल्या. दचकलेल्या नवाबभाईंच्या कोपराने हॉर्न वाजला. पोरं धावत आली. "आजी, लागलं का?"

"लागलं कशाचं! निघाला!" सरूबाईंनी बसल्या जागेवरून नट वर धरला. दिवसभर गाड्यांचे भाग जोडणारी ती पोरं! पण त्यांनी अशा टाळ्या वाजवल्या की त्यांची बस दोन मिनिटं खोळंबली.

मग झाकण निघालं. आत साखळी कशी चमकत होती, सोन्याच्या पोहेहारासारखी! "तिला हात लावायचा नाय," सरूबाईंनी बजावलं. "एक दात इकडचा तिकडं झाला की इंजिनाचं टायमिंग चुकतं."

आता राहिलं गॅस्केट. आणि इथे सगीरा आपा पुढे आल्या. झबल्यापासून शेरवानीपर्यंत सगळं शिवलेला हात तो. त्यांनी एक जाडजूड लग्नपत्रिका घेतली, झाकण त्यावर उपडं ठेवलं, खडूने रेघ मारली आणि कात्री अशी फिरवली की सरूबाई बघतच राहिल्या. पण लावून बघतात तो काय! गॅस्केट चहूबाजूंनी बोटभर बाहेर!

"आपा, हे काय वो?"

"मार्जिन ठेवलं ना! पुढं अंगावर आलं तर उसवून ढिलं करता येतं."

"अवो, इंजिन हाय ते! आता या वयात हिचं काय बाळंतपण करायचंय का?"

मार्जिन कापायला गेल्या तर भोकाजवळ पत्रिका टरकली. घरात दुसरा तसला जाड कागद मिळेना. सगीरा आपांच्या दिवाणखान्यात सगळे शोधत असताना दोघींची नजर एकाच वेळी भिंतीवर गेली. तिथे नवाबभाईंचं मानपत्र होतं. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने दिलेलं, जाड, पिवळसर, कडेला वेलबुट्टी.

"नक्को!" नवाबभाई मानपत्राच्या आड उभे राहिले. "त्याच्यात 'कार्यतत्पर' लिहिलंय!"

"मग भिंतीला टांगून काय तत्पर राहणार ते? लावा की कामाला!"

नवाबभाईंनी मान वळवली. मानपत्राकडे बघितलं, बायकोच्या काळ्या झालेल्या हातांकडे बघितलं. दोघींच्या कायगावच्या वाऱ्या त्यांना माहीत होत्या. परत येताना बायको कशी हसत यायची, तेही माहीत होतं. त्यांनी स्वतः चौकट उतरवली. "फक्त माझं नाव नका कापू."

आणि काय सांगावं त्या बाईच्या हाताचं! सगीरा आपांनी या वेळी मार्जिन न ठेवता असं बेतलं, की 'नवाबभाई' हे नाव दोन भोकांच्या मधोमध अख्खं बसलं. दोन्ही बाजूंनी ग्रीस चोपडलं, झाकण चढवलं. "हळदीचा द्या! आता जिऱ्याचा! अवो आपा, हा मोहरीचा!" करत सगळे बोल्ट आवळले. टाकी, पंखा, पट्टा, तेल, पाणी. किल्ली फिरवली आणि बेगम खाकरली, शिंकली आणि सुरू झाली! रात्रभर खाली पांढरी चादर अंथरली. सकाळी चादर जशीच्या तशी.

रविवारी राजेंद्र बसने आला. आधी गाडीखाली वाकला, मोबाइलच्या उजेडात बघितलं. बोट फिरवलं. कोरडं!

"आई, कुणाकडून करून घेतलंस?"

"आमीच केलं."

"थट्टा नको गं!"

"तुझ्या सगीरा खालानं कापलं, मी आवळलं. चल बस, फिरवून आणते."

कायगावच्या रस्त्याने बेगम अशी डौलात धावली की उसाच्या ट्रॉलीवाल्याने वाट सोडली. मागच्या सीटवर राजेंद्र आधी घड्याळ बघत होता. मग खिडकीबाहेर बघू लागला. मग हळूच म्हणाला, "आई, याच आवाजात झोपायचो ना गं मी? गंगापूरला मामाकडून येताना?"

घरी पोचेपर्यंत त्याने भंगारवाल्याला नको म्हणून कळवूनही टाकलं. दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. जिंकल्या!

"आणि आई," राजेंद्र म्हणाला, "ही मी पुण्याला नेतो. तिकडं जुन्या गाड्यांचे मेळावे भरतात, लोक फोटो काढतात. बसने आलो तेच बरं झालं. आज हिलाच घेऊन जातो!"

सरूबाईंच्या हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला. चुलीपाशी सगीरा आपा कुजबुजल्या, "सरू, अब?"

सरूबाईंनी चमचा खाली ठेवला. मग कुंकवाचं ताट उचललं. "गावाला निघाली म्हातारी. ओवाळायला नको?"

"आई, तू पण ना!" राजेंद्रचे डोळे भरून आले. त्यामुळे ताटाखालचा पाना त्याला दिसला नाही.

चहा पिऊन तो खाली उतरला, तर फरशीवर गोल, काळा, टपोरा थेंब!

"आई! गळतेय!"

"अगं बाई, खरंच की! कायगावला जाऊन दमली असंल. पुण्याचा पल्ला नाय झेपायचा तिला, राजा." सरूबाईंनी सुस्कारा सोडला. "जाऊ दे. भंगारवाल्याचा नंबर हाय ना तुझ्याकडं?"

सगीरा आपांना जोराचा ठसका लागला.

"काहीतरीच काय बोलतेस!" राजेंद्र चिडलाच. "भंगारात कशी देणार? राहू दे तिला इथंच. खाली एक परात सरकव. थेंबाथेंबाला एवढं काय!" आणि बेगमच्या पाठीवर थोपटून तो रिक्षाने बसस्टँडला गेला.

रिक्षा वळली मात्र, सरूबाईंनी पाना घेऊन सैल केलेले बोल्ट गच्च आवळले. "सरू," सगीरा आपा म्हणाल्या, "तू वजीर व्हायला पायजे होती गं!"

सोमवारी सकाळी परातीत थेंब होता. सरूबाईंनी बोल्ट आणखी आवळले. मंगळवारी थेंबांना पिलं झाली होती. कागदाचं गॅस्केट एकदा हललं की पुन्हा धरत नाही, हे तेव्हा कळलं.

"मुलाशी खोटं बोललीस ना," सगीरा आपांनी सुनावलं, "बघ, भोग आता!"

"खोटं कुठं?" सरूबाईंनी परात नीट थेंबाखाली सरकवली. "गळती हाय, असंच सांगितलं होतं की. आता तर ते खरंबी झालं!"