आप्पांचं ‘हाय’

आमच्या शेजारच्या आप्पांना काहीही विचारा, उत्तर एकच: ‘हाय.’ गवळी विचारायचा, “आप्पा, दूध हाय घरात?” “हाय.” गवळी पुढच्या दारात, आणि आप्पा दिवसभर कोऱ्या चहावर. तरुणपणी कापसाच्या व्यापारात आठ वर्षं जपानात कोबेला राहून आलेला माणूस; तिथलं ‘हाय’ जिभेवरून उतरायलाच तयार नाही. “हाय म्हंजे ‘आहे’ न्हवं रं मास्तर,” मला समजवायचे, “हाय म्हंजे ‘ऐकलं’.”

अख्ख्या बेळगावात जपानी शिकवणारे ते एकटे आणि शिकणारा मी एकटा. दिवसभर पोरांना गणित शिकवून संध्याकाळी मी त्यांच्यासमोर कुंचला धरून बसायचो. तिथल्या रीतीनं ते चहाची वाटी हातात तीनदा फिरवून, वाकून देत. तोवर त्याचं सरबत झालेलं असे.

मग जपानशी लढाई जुंपली. गावाबाहेर सांबऱ्याच्या धावपट्टीवर लष्करी विमानं उतरू लागली, नुसत्या संशयावरनं माणसं आत जाऊ लागली. एका सकाळी फौजदार दोन शिपाई घेऊन आप्पांच्या दारात. मीही धावत तिथं गेलो.

“आप्पा, जपान्यांशी संबंध हाय तुमचा?”

“हाय.”

मी कपाळाला हात लावला. “साहेब, ते ‘ऐकलं’ म्हणतायत.”

“तुम्ही गप बसा.”

शिपायांनी फडताळातनं दोन वस्तू काढल्या. एक, आप्पांनी बारा वर्षं खपून हातानं लिहिलेला जपानी-मराठी कोश. दुसरी, एक फाटकी वही; ती मीही कधी पाहिली नव्हती. फौजदारानं वही आप्पांपुढं केली. “वाचा. मराठीत.”

“मीठ आहे. गूळ नाही. तांदूळ उद्या येईल.”

“ही कुणाची रसद?”

“आमच्या स्वयंपाकघरातली. बायकोला शिकवत हुतो, तिचा अभ्यास ह्यो.” आप्पांनी पान उलटलं. “पुढं लिवलंय, आज तुम्हाला उशीर झाला. मी जेवले नाही.”

“कुठायत बाई?”

“गेली. तापानं.”

फौजदार जरा घुटमळले. पण रिकाम्या हातानं परत जाणं त्यांनाही जमणार नव्हतं. “यातलं एक तरी न्यावं लागंल, आप्पा.”

आप्पांनी कोश उचलला आणि त्यांच्या हवाली केला. जरासुद्धा थांबले नाहीत.

फौजदार गल्लीच्या टोकाला वळले तसा मी चिडूनच म्हणालो, “आप्पा, बारा वर्षांचं काम! वही दिली असती तर काय बिघडलं असतं?”

ते उंबऱ्यावर बसले. वही मांडीवर होती.

“शब्द परत गोळा करीन रं,” म्हणाले. “तिचं अक्षर कुठनं आणू?”