उजेडाचा रखवालदार

जगाचा अंत झाल्यानंतर सुरक्षेची काय व्यवस्था असावी, हा विषय कंपनीच्या बैठकीत निघाला तेव्हा जगाचा अंत रीतसर मंजूर होऊन बरेच दिवस लोटले होते. शहर जळाले होते, आकाश तपकिरी झाले होते, नळाला धूळ येत होती आणि रस्त्यांवर दोन तोंडांची कुत्री सोडण्यात आली होती. हे सर्व अर्थातच व्हिडिओ गेममध्ये. कंपनी गेम बनवत असे आणि या गेमची कथा लिहिण्याचे काम एका लेखिकेकडे होते.

कथा सरळ होती. वाचलेल्या खेळाडूने कुत्र्यांशी लढत शहर ओलांडायचे आणि एका तळघरापाशी पोचायचे. तळघरात पाणी होते, औषधे होती. तळघराच्या फाटकावर कोण असावे, एवढाच प्रश्न उरला होता. लेखिकेने होलोग्राम सुचवला. म्हणजे निव्वळ उजेडाचा रखवालदार. जग बुडाले, पण याची बॅटरी उतरली नाही. म्हणून तो अजून तिथे उभा आहे आणि येईल त्याला विचारतो आहे, “कुणाकडे जायचंय? पास दाखवा.” खेळाडू हसेल आणि त्याच्या अंगातून आरपार निघून जाईल.

“म्हणजे हा विनोद आहे?” साहेबांनी विचारले.

“हो.”

“कुणाला उद्देशून?”

“कुणालाच नाही.”

“मग हरकत नाही,” असे म्हणून साहेबांनी विनोदाला मंजुरी दिली.

उजेडाला चेहरा हवा होता. लेखिका आपल्या आईबरोबर ज्या वसाहतीत राहत असे, तिथल्या फाटकावर एक वयस्कर रखवालदार होते. सगळे त्यांना काका म्हणत. लेखिका त्यांना कंपनीत घेऊन आली. कॅमेऱ्यांच्या मधोमध उभे करून त्यांना हात आडवा धरायला सांगण्यात आले. काकांनी हात धरला, पण तो असा, की जणू समोरच्याला बसायला जागा दाखवत आहेत.

“आता म्हणा, पास दाखवा.”

“पास असला तर दाखवा,” काका म्हणाले, “नसला तर राहू दे, पुढच्या वेळी आणा.”

“काका, जरा दरडावून.”

“दरडावून कसं म्हणू? ओळखीचा माणूस असला तर?”

अखेर काकांना उपाशी ठेवून दुपारी उशिरा आवाज घेण्यात आला, तेव्हा तो हवा तसा निघाला. मग संगणकावर त्यांना फाटकी वर्दी चढवण्यात आली, टोपी अर्धी जाळण्यात आली आणि गळ्यात विषारी धुळीपासून बचावाचा मुखवटा अडकवण्यात आला. मोबदला म्हणून काकांना न जळलेली टोपी भेट मिळाली.

गेमची चाचणी सुरू झाली. अनुभवी खेळाडू बोलावण्यात आले. ते काचेपलीकडच्या खोलीत बसून खेळत आणि लेखिका अलीकडून पाहत असे. पहिल्याच खेळाडूने कुऱ्हाडीने कुत्र्यांचा फडशा पाडला, एक पूल उडवला, वाटेतल्या दोन निरपराध म्हाताऱ्यांनाही लुटले आणि तो तळघराच्या फाटकाशी आला. उजेडाने हात आडवा केला. खेळाडूने कुऱ्हाड खाली ठेवली.

“पास दाखवा.”

खेळाडू गोंधळला. वळला. पास शोधायला जळक्या शहरात परत गेला. गेममध्ये पास नव्हताच; कुणी बनवलाच नव्हता. तो तहानेने मेला, पुन्हा जिवंत झाला आणि पुन्हा शोधू लागला. दुसरा खेळाडू आला, तो फाटकापाशीच थांबला. तिसरा त्याच्या मागे उभा राहिला. चौथा पुढे घुसू लागला, तेव्हा पुढचे दोघेही एका सुरात ओरडले, “ओ दादा, रांग मागून आहे!”

लेखिकेला राहवेना. तिने दार ढकलून आत डोकावले. “अरे, आरपार जा ना! तो नुसता उजेड आहे.”

खेळाडूने तिच्याकडे दयेने पाहिले. “दिसतंय की मॅडम. पण तो नको म्हणाला ना.”

कुणीच गेले नाही. लेखिका रडकुंडीला आली. साहेब मात्र हरखून गेले. खेळाडू सर्वाधिक वेळ फाटकासमोरच काढतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्यांनी गेममध्ये पास कार्यालय उघडले. पाससाठी ओळखपत्र, ओळखपत्रासाठी जुना पास, अशी सोय केली. गेम तुफान चालला. काही दिवसांनी खेळाडूंच्या तक्रारी येऊ लागल्या, की कुत्री रांगेत व्यत्यय आणतात. लोकभावनेचा मान राखून कुत्री काढून टाकण्यात आली.

या यशाची बातमी लेखिकेच्या वसाहतीत पोचली. वसाहतीच्या सचिवांनी कार्यकारिणीची सभा घेतली आणि कंपनीकडून फाटकासाठी तोच रखवालदार मागवण्याचा ठराव एकमताने संमत झाला. तो झोपत नाही, सुटी मागत नाही आणि कुणाला ‘जेवलात का’ असे विचारून वेळ घालवत नाही, हे गुण नमूद करण्यात आले. उजेड फाटकावर उभा राहताच काकांना बोलावून कामावरून कमी केल्याचे सांगण्यात आले.

“पण मी केलं काय?” काकांनी विचारले.

“तुम्ही काही केलं नाही हो. आणि तुम्ही जाताय कुठे? फाटकावर तुम्हीच तर आहात,” सचिव म्हणाले आणि त्यांनी समोरच्या उजेडाकडे बोट दाखवले. काकांनी स्वतःकडे पाहिले. आपण फारच रागावलेले दिसतो, एवढेच त्यांना वाटले. ते फाटकासमोरच्या पंक्चरच्या दुकानात कामाला लागले.

कंपनीने रखवालदार पाठवला होता, पण त्याचे संवाद बदलले नव्हते. बदलण्याचे शुल्क वेगळे होते. त्यामुळे वसाहतीच्या फाटकावर जळक्या टोपीचे काका उभे राहून दूधवाल्याला सांगू लागले, “नोंदीनुसार बाहेर कुणीही जिवंत उरलेलं नाही. तुम्ही कोण?” दूधवाला पिशव्या फाटकाबाहेर ठेवून निघून जाऊ लागला. पाहुणे येईनासे झाले. रहिवाशांना हे आवडले. बाहेर खरोखरच काही उरलेले नाही, अशी भावना बळावली आणि वसाहतीतल्या घरांचे भाव वधारले.

एका रविवारी दुपारी लेखिकेची आई पेपर वाचता वाचता खुर्चीतच वाकली. तिला दरदरून घाम फुटला, श्वास घशातच अडकू लागला, ओठ निळसर दिसू लागले. लेखिकेने रुग्णवाहिका बोलावली. ती लगेच आली, म्हणजे फाटकापर्यंत लगेच आली. मग फोन वाजला.

“मॅडम, खाली या. मला आत सोडत नाहीये.”

“कोण?”

“तुमचा माणूस. म्हणतोय, बाहेर कुणी जिवंत नाही, तुमची नोंद तपासतोय.”

पाठोपाठ आईच्या फोनवर संदेश आला. घर आईच्या नावावर असल्याने वाहनाला मंजुरी आईनेच द्यायची होती, चेहरा पडद्यासमोर धरून. लेखिकेने फोन आईसमोर धरला. आईने कष्टाने मान वर केली. फोन म्हणाला, “चेहरा जुळत नाही. कृपया नेहमीसारखे दिसा.”

“जरा हस ना गं आई, थोडंसंच.”

“तू… हस,” आई धापा टाकत म्हणाली.

शेजारणीला आईजवळ बसवून लेखिका जिन्यावरून धावत सुटली. फाटकावर तोवर माणसे जमली होती. सचिवही होते. रुग्णवाहिकेचा चालक खिडकीतून अर्धा बाहेर येऊन उजेडाशी वाद घालत होता. “मी जिवंत आहे की नाही ते मागाहून ठरवा हो, आधी पेशंट बघू द्या!”

“घाला गाडी!” लेखिका आतूनच ओरडली. “सरळ घाला! तो उजेड आहे!”

“उजेडाचाच आहे मॅडम,” चालक म्हणाला, “पण वर्दीतला आहे. हात आडवा करून उभाय. उद्या माझं लायसन गेलं तर उजेड येणारे का भरून द्यायला?”

“सचिवसाहेब, तुम्ही तरी सांगा!”

“मी सांगितलं असतं,” सचिव हळहळून म्हणाले, “पण आणीबाणीत अपवाद करावा, असा ठराव आपण केलेला नाही. पुढच्या सभेत नक्की घेऊ. आईंना बरं वाटलं की त्यांच्याच हस्ते मांडू.”

जमलेल्यांनी माना डोलावल्या. एकाने लेखिकेला पाणी देऊ केले.

लेखिका फाटकाकडे धावली. स्ट्रेचर स्वतःच आणायचे, असे तिने ठरवले होते. उजेड तिच्याकडे वळला आणि त्याने हात आडवा केला. “बाहेर जाणं धोक्याचं आहे. परवानगी आहे का?” हे वाक्य तिनेच लिहिले होते, एका सुंदर सकाळी, स्वतःशी हसत. आणि तिचे पाय थांबले. तिने थांबवले नव्हते, ते आपोआप थांबले. “एक मिनिट हं,” ती त्या उजेडाला म्हणाली, “माझी आई…” आणि आपण कुणाला समजावतो आहोत हे तिला कळले. तरी पाऊल उचलेना. मागे इतकी माणसे उभी होती. ती काय म्हणतील, असे तिला वाटले.

समोरून काका रस्ता ओलांडत आले. हात काळे, बाहीला ग्रीस. त्यांनी रुग्णवाहिकेचे मागचे दार उघडले, स्ट्रेचर ओढून काढले आणि ते फाटकाकडे वळले. उजेडाने त्यांच्याच आवाजात त्यांना दरडावले, “कुणाकडे जायचंय?”

“सरक रे बाबा,” काका म्हणाले आणि स्वतःच्या पोटातून आत आले.

जमलेल्यांपैकी एक बाई किंचाळली. चालकाने डोळे मिटून घेतले. काहीच झाले नाही. काकांनी लेखिकेच्या दंडाला धरून तिला वळवले. “चल पोरी. एक टोक तू धर.”

दोघांनी आईला खाली आणले. फाटकाशी आल्यावर लेखिका पुन्हा अडखळली, पण स्ट्रेचरचे पुढचे टोक काकांकडे होते आणि काका थांबत नव्हते. आईचे डोळे किलकिले झाले. तिने एका काकांकडे पाहिले, मग दुसऱ्यांकडे.

“हे जुळे… कधीपासून?” तिने विचारले आणि उजेड तिच्या तोंडावरून सरकत गेला.

आई वाचली. अजून थोडा उशीर झाला असता तर उपयोग नव्हता, असे डॉक्टर म्हणाले. लेखिका दवाखान्याच्या बाकावर बसून बराच वेळ आपल्या पायांकडे पाहत राहिली.

वसाहतीत मात्र वातावरण तंग झाले होते. कार्यकारिणीची तातडीची सभा भरली. भर दुपारी, सर्वांसमक्ष, सुरक्षारक्षकाच्या अंगातून ये-जा झाल्याने त्याच्या प्रतिष्ठेला धक्का पोचला, यावर एकमत झाले. एकदा एक जण गेला की उद्या कुणीही जाईल. आईच्या नावाने खुलासा मागवण्यात आला. प्रकृती पाहून मुदत वाढवून देण्याइतकी माणुसकी दाखवण्यात आली. रखवालदाराच्या संरक्षणासाठी त्याच्याभोवती लोखंडी कठडा उभारायचे ठरले. पण कठड्यावरून कुणी उडी मारली तर? म्हणून कठड्यावर लक्ष ठेवायला एक जिवंत माणूस नेमावा, असेही ठरले. अनुभवी माणूस जवळच होता. रखवालदाराच्या अंगातून कुणालाही जाऊ न देणे, या कामावर काकांची नेमणूक झाली. अंगातून जाण्याचा अनुभव असलेला तो एकमेव उमेदवार होता.

“तुम्ही कसं काय हो म्हटलंत?” लेखिकेने काकांना फोनवर विचारले.

“पंक्चरच्या दुकानात पाठ धरते गं,” काका म्हणाले. “इथं खुर्ची देतायत.”

आईला घरी सोडले तो दिवस कामाचा होता. संध्याकाळी सगळे परतायच्या वेळेला लेखिकेची गाडी फाटकाशी आली. मधोमध कठडा होता, कठड्यात उजेड होता आणि कठड्याशेजारी खुर्चीत काका. ते आईला पाहून घाईने उठले, दाराशी आले आणि मग त्यांना आपल्या कामाची आठवण झाली.

“कुणाकडे जायचंय?” त्यांनी खाली मान घालून विचारले.

“माझ्याकडे,” आई म्हणाली. “जेवलात का?”

काकांचे डोळे भरून आले, पण पडद्यावर आईच्या चेहऱ्याची ओळख पटत नव्हती. आजारपणात तिचे वजन उतरले होते. मंजुरी प्रलंबित राहिली. मागे गाड्यांची रांग लागली आणि हॉर्न सुरू झाले. लेखिकेने खिडकीतून मागे वळून पाहिले. सगळे हॉर्न तिच्या आईला उद्देशून होते. उजेडावर कुणीच वाजवत नव्हते. त्याच्याकडे पाहून उलट काही जण अदबीने मान तुकवत होते.

वाचकहो, त्या रांगेत आपलीही गाडी होती, काच वर केलेली, असे लेखिकेचे म्हणणे आहे. ते खरे नसल्यास आपण तसा खुलासा फाटकावर समक्ष सादर करावा. रांग मागून आहे.