बेशुद्ध आहे, जगेल

पडद्यावर अभ्रकाने प्रोफेसर शेवाळची मान कटकन मोडली आणि डबिंग स्टुडिओत काचेच्या अलीकडे बसलेला मूळप्रत ताडकन उभा राहिला.

"थांबव! हे शक्यच नाही."

रेकॉर्डिस्टने निमूटपणे चित्र थांबवलं. त्याला सवय होती. परभाषेतल्या सिनेमांचे संवाद आपल्या भाषेत लिहिणं हे मूळप्रतचं काम, आणि पडद्यावर काहीही दिसलं तरी "मूळ कॉमिक्समध्ये असं नाही" म्हणणं हा त्याचा स्वभाव. नाव त्यावरूनच पडलेलं. अभ्रकाची कॉमिक्स त्याने लहानपणापासून जमवली होती आणि सिनेमावाल्यांनी त्यांची जी वाट लावली तिच्याबद्दल तो जेवताना बोले, लिफ्टमध्ये बोले, एकदा तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंडात कापसाचे बोळे असतानाही बोलला होता. अभ्रकाचा पोशाख करडा, कारण तो पत्र्याच्या कारखान्यातल्या मजुराचा मुलगा. यांनी त्याला काळं रबर चढवलं आणि त्याच्या बापाला श्रीमंत केलं. अभ्रक अबोल, हा छपरावरून पडता पडता विनोद करतो. मूळ मुखवट्यात तोंड उघडं असतं. यांनी तेही झाकून टाकलं. एवढं सगळं त्याने गिळलं होतं. पण मान मोडणं म्हणजे कहर झाला.

"अभ्रक माणूस मारत नाही," तो म्हणाला. "एकाही अंकात मारलेला नाही. पकडतो, बांधतो आणि पोलीस चौकीच्या दारात ठेवून जातो. न मारणं हाच तर अभ्रक! नाहीतर तो आणि गल्लीतला गुंड यांत फरक काय राहिला?"

"मग मी काय करू? मान जोडून देऊ?" रेकॉर्डिस्टने विचारलं.

काचेच्या पलीकडे माइकसमोर काका उभे होते. हातात संवादांचे कागद, गळ्याला मफलर. काकांचा चेहरा कोणाला ठाऊक नव्हता, पण आवाज घराघरांत पोचलेला. शेवाळचा आवाज त्यांचाच. उभी हयात त्यांनी खलनायकांना आवाज दिला होता, म्हणजेच उभी हयात ते मरत आले होते. कड्यावरून पडून, आगीत होरपळून, मगरींच्या तलावात बुडून. मरण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"वाद मिटला की सांगा," काका खोकत म्हणाले. "मी तोवर जिवंत राहतो."

मूळप्रतचं लक्ष नव्हतं. तो पडद्यावरच्या काळ्या रबराकडे टक लावून पाहत होता. "अरे, याचं तोंड झाकलेलं आहे," तो हळूच म्हणाला. "मग हा काय बोलतोय ते दिसणार कोणाला?"

त्याने तिथल्या तिथे कागदावर एक वाक्य लिहिलं. मान मोडल्यावर अभ्रक पाठमोरा होऊन चालू लागतो आणि म्हणतो, "बेशुद्ध आहे. जगेल." दुसऱ्या दिवशी अभ्रकाला आवाज देणारा कलाकार आला आणि काही न विचारता ते बोलून गेला. काकांना मात्र त्या दिवशीच काचेतून वाचून दाखवलं होतं. त्यांनी दोनदा विचारलं, "म्हणजे मी जगलो?" आणि शेवटी रिकाम्या आभाळाचं दृश्य येतं तिथे स्वतःच्या मनाने एक कण्हणं टाकून दिलं.

सिनेमा लागला, चालला. वाक्य कोणाच्या लक्षातही आलं नाही. काका मात्र ते धरून बसले. त्यांनी मूळप्रतकडून कॉमिक्सचे गठ्ठे मागून नेले, परत आणले, पुढचे नेले. मूळप्रतला आनंदाचं भरतं आलं. एवढ्या वर्षांत त्याचं मत कोणाला तरी पटलं होतं!

मग एक दिवस काकू स्टुडिओत आल्या. त्यांनी बसायलाही नकार दिला.

"अरे, तुझ्या त्या शेवाळाला मारून टाक एकदाचं," त्या म्हणाल्या.

"काय झालं काकू?"

"यांच्या गळ्यात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, स्वरयंत्रच काढायचं. आवाज जाईल पण माणूस राहील. तारीखसुद्धा ठरली होती. आता हे म्हणतात, भाग दोन होऊ दे. शेवाळ जिवंत आहे, मी आवाज घालवून बसलो तर दुसऱ्याला देतील. आणि डॉक्टर म्हणतात, थांबलात तर मग आमच्याकडे येऊच नका." त्यांनी पदराने नाक पुसलं. "तू लिहिलंस ना ते वाक्य? मग तूच निस्तर."

आपली मतं ऐकून लोक कंटाळतात हे मूळप्रतला माहीत होतं. त्या मतांनी कोणी मरू शकेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. संध्याकाळी तो काकांच्या घरी गेला. काका खाटेवर बसून अंक वाचत होते. त्यांचा आवाज चाळणीतून गाळल्यासारखा येत होता.

"काका, मी विचार केला," मूळप्रत म्हणाला. "सिनेमा ही वेगळी कला आहे." हे वाक्य म्हणणाऱ्यांशी त्याने आजवर बोलणं टाकलं होतं. "दोन तासांत गोष्ट संपवायची, तर मारावंच लागतं."

"अंकात कुठे मारलंय?"

"अंक जुने झाले हो."

काकांनी हातातला अंक मिटला. "न मारणं हाच अभ्रक, हे कोण म्हणालं होतं?"

"मी काय, काहीही बडबडतो."

"बडबड नव्हती ती." काका दम घ्यायला थांबले. "अरे, जन्मभर मेलो मी. सकाळी जाऊन मरायचं आणि रात्री घरी येऊन जेवायचं. हे बरोबर नाही, असं एकाने म्हटलं नाही कधी. तू म्हणालास."

मूळप्रत चहा पिऊन निघाला. जिन्यात त्याला रडू फुटलं आणि वरून काकूंनी दिवा लावून दिला.

पुढच्याच आठवड्यात जाहिरातीसाठी भाग दोनचा पहिला प्रसंग आला. धुकं, ओली माती आणि थडगं. थडग्यावर मोठ्या अक्षरांत प्रोफेसर शेवाळचं नाव. समोर काळ्या कपड्यांतली त्याची बायको, तोंडातून चकार शब्द नाही. मूळप्रतला हायसं वाटलं. त्याने काकांना बोलावून पडद्यासमोर बसवलं.

"पाहिलंत? गेला."

काकांनी ते थडगं शांतपणे न्याहाळलं. "रिकामं असणार," ते म्हणाले. "अंकात असं दोनदा झालंय. तूच दिलेस ते अंक."

रेकॉर्डिस्टने कपाळाला हात लावला. मूळप्रत उठून आपल्या टेबलापाशी गेला. अभ्रकाने जे कधी केलं नाही ते करायची पाळी आता त्याच्यावर आली होती. बराच वेळ पेन हातात धरून तो बसला आणि मग एक ओळ लिहून काकांच्या हातात दिली.

"या प्रसंगावर शेवाळचा आवाज आहे. नुसता आवाज."

काका खुलले. मफलर सोडून माइकसमोर गेले, चष्मा लावला आणि कागद वाचला. त्यावर लिहिलं होतं: "मी मेलो आहे. कोणी माझी वाट पाहू नये."

"हे मूळ कॉमिक्समध्ये आहे?" काकांनी विचारलं.

"आहे," मूळप्रत म्हणाला. कॉमिक्सबद्दल तो आयुष्यात प्रथमच खोटं बोलत होता.

"कितव्या अंकात?"

"शेवटच्या. तो... तो माझ्याकडे नाही."

काकांनी काचेतून त्याच्याकडे पाहिलं. मूळप्रतने मान खाली घातली. मग काकांनी ती ओळ एकाच टेकमध्ये म्हटली, सावकाश, एकही खोकला न येऊ देता. हेडफोन काढून ठेवताना ते रेकॉर्डिस्टला म्हणाले, "चांगलं झालंय, पुसू नकोस." आणि घरी जाऊन काकूंना म्हणाले, डॉक्टरांना फोन लाव.

ऑपरेशन झालं. काका वाचले. गळ्याला एक छिद्र राहिलं, आवाज गेला. भाग दोन लागला. थडग्याच्या प्रसंगाला लोक थिएटरमध्ये गप्प होत. काकूंनी मूळप्रतला डबाभर लाडू पाठवले. त्याच्या घशाखाली एकही उतरेना, म्हणून ते रेकॉर्डिस्टने संपवले.

गोष्ट इथे संपली असती, तर मूळप्रतला निदान झोप लागली असती. पण दीड वर्षाने एका सकाळी स्टुडिओच्या मालकीणबाई हातात फोन घेऊन आत आल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"भाग तीन आलाय. शेवाळ जिवंत आहे!"

"काय?"

"थडगं रिकामं होतं म्हणे. पहिल्या भागात तो नुसता बेशुद्ध झाला होता. कंपनी म्हणते, मूळ कॉमिक्सचे चाहते फार ओरडत होते, म्हणून चूक सुधारली." त्यांनी फोन टेबलावर आपटला. "आणि आपल्याकडे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, मी मेलो म्हणून! कोणी लिहिलं ते? वर कंपनीला आवाज तोच हवाय. लोकांच्या ओळखीचा आहे म्हणतात."

जगात आपल्यासारखे इतके लोक असतील आणि नेमकं याच वेळी त्यांचं कोणी ऐकेल, हे मूळप्रतच्या गावीही नव्हतं.

"बेशुद्ध होता ना," तो पुटपुटला. "आपण मेलोय की नाही, ते त्याला कसं कळणार?"

"हे कंपनीला तुम्ही सांगा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

ही बातमी काकांना दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावी, म्हणून तो गेला. काकांनी ऐकून घेतलं. मग त्यांचे खांदे हलू लागले. तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी आणि आवाज काहीच नाही.

"हसतायत का?" त्याने घाबरून काकूंना विचारलं.

"मला अजून ओळखता येत नाही रे," काकू म्हणाल्या.

काका डोळे पुसून उठले आणि त्यांनी खुंटीवरचा मफलर घेतला.

भाग तीनच्या पहिल्या प्रसंगात अंधाऱ्या खोलीत, नळ्या लावलेला शेवाळ पलंगावर पडून असतो. शुद्धीवर यायला त्याला वेळ लागतो. तोवर नुसता श्वास. शुद्धीवर आल्यावर बोलायला मालकीणबाईंनी काकांसारखा आवाज काढणारा दुसरा माणूस ठरवला होता. काका माइकसमोर गेले. मूळप्रतने आत जाऊन माइक खाली सरकवला, ओठांपासून गळ्यापर्यंत, आणि नजर वर न करता बाहेर आला. चित्र सुरू झालं. गळ्याच्या छिद्रातून श्वास आत गेला, घरघरला, अडकला, बाहेर आला. पडद्यावरची छाती वर गेली, खाली आली. मालकीणबाई दारात उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

दृश्य संपलं. रेकॉर्डिस्टने घसा खाकरला आणि, काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं, "मूळ कॉमिक्समध्ये काय आहे रे इथे?"

"नुसतं 'घर्र' असं छापलंय." मूळप्रतने काचेपलीकडे पाहिलं. काका बोट वर करून आणखी एक टेक मागत होते. "इथे सिनेमा बरा आहे," तो म्हणाला.