कळूंक ना

वर्गात कुणी "कळ्ळें, सर" म्हटलं की गावस सरांचा चेहरा पडायचा. "कळूंक ना" ऐकलं की मात्र माणूस खुलायचा. हातातला खडू ठेवून म्हणायचा, "हां, आतां आयलो तूं वाटेर."

कॉलेजात पोचूनही अपूर्णांकांशी वैर धरून बसलेल्या पोरांसाठी सकाळी जादा वर्ग असायचा. तो सर घ्यायचे. मी मराठी शिकवायचो. गणितातलं मला ओ की ठो कळत नाही, तरी व्हरांड्यात उभा राहून ऐकायचो.

"पावाचो पाव कितलो?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पोरांना पोदेराच्या भट्टीतला गरम पाव आठवायचा. "एक घांस, सर," कुणीतरी म्हणायचं. सर फळ्यावर पाव गुणिले पाव मांडून समजावायचे आणि विचारायचे, "कळ्ळें?"

"कळ्ळें," अख्खा वर्ग एका सुरात.

"सगळे नापास," सर म्हणायचे.

तेव्हा गोव्यात मराठी की कोंकणी यावरून स्टाफरूममध्ये चहा गार होत असे. सरांचं एकच मत, "शून्य दोनूय भाशांनी शून्यच."

एका वर्षी प्राचार्यांनी बजावलं, या वर्गाने पोरं सुधारतात हे दाखवा, नाहीतर वर्ग बंद. सर शांतपणे म्हणाले, "जून म्हयन्यांत सगळ्यांक सगळें कळटालें. आतां अर्द्या वर्गाक कळना. प्रगती बरी आसा."

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. मीही हसलो. पण कोण नेमका कुठे अडतो हे सरांना तोंडपाठ होतं, हे आठवलं आणि मी थक्कच झालो. असं मोजायला छाती लागते.

प्राचार्य स्वतः वर्ग बघायला आले. सरांनी पावाचा पाव फळ्यावर मांडला आणि विचारलं, "कळ्ळें?"

सरांना वाचवायचं म्हणून पोरं एकदिलाने ओरडली, "कळ्ळें!"

सर मटकन खुर्चीत बसले.

तेवढ्यात शोभा उठली. पेडण्याची मुलगी, मावशीकडे राहून शिकणारी, वर्षभरात तोंड न उघडलेली. "सर, माका कळूंक ना. सोळावो वांटो जाता तें दिसता. पूण गुणलां तर वाडूंक जाय. हांगा ल्हान कित्याक जाता?"

प्राचार्यांनी फळ्याकडे पाहिलं. मग बाक ओढून बसले. "खरंच की. का हो, गावस?"

वर्ग वाचला. साखळी गावाकडे जाणाऱ्या बसची वाट बघताना मी सरांना विचारलं, हे खूळ आलं कुठून?

"म्हज्या धाकट्या भावाक हांव शिकयतालों," ते म्हणाले. "ताका सगळें कळटालें. नापास जालो आनी घर सोडून गेलो."

"आता कुठे असतो?"

सरांनी येणाऱ्या बसला हात केला.

"कळूंक ना."