व्याही दुसऱ्या ॲपवर

मी मुरुडच्या 'दर्यासंवाद' या ॲपचा ग्राहक समाधान अधिकारी. समाधान नेमकं कुणाचं, हे नेमणूकपत्रात लिहिलेलं नाही.

सुरुवातीला आमचं दार सताड उघडं होतं. कुठल्याही ॲपवरचा निरोप आमच्याकडे येई, आमचा कुठेही जाई. लोक येत नव्हते, तोवर मुक्त देवाणघेवाणीवर आमची नितांत श्रद्धा होती. अर्धं मुरुड दाखल झालं आणि ती श्रद्धा सुरक्षेच्या कारणास्तव स्थगित करण्यात आली.

त्याच आठवड्यात आमच्या ग्राहक चंदाबाईंच्या मुलीला, रचनाला, पाहायला पालीहून मुलाचे वडील रत्नपाल सर येणार होते. रविवार ठरलेला. सरांनी निरोप धाडला, 'शुक्रवारीच येतो.' पण सर पालीच्या 'डोंगरसंवाद' ॲपवर. निरोप आमच्या कुंपणाशी अडला. शुक्रवारी नऊ पाहुणे कुलपासमोर तासभर उभे राहिले. फोन करायला सरांचा मान आड आला. ते तसेच परत गेले.

शेजाऱ्यांकडून कळताच चंदाबाई थेट माझ्या टेबलाशी.

"पोरीचं लगीन मोडाया आलंय. निरोप का न्हाय आला?"

"आला होता, बाई. आम्ही तुमचं संरक्षण केलं."

"कोनापासून? व्याह्यापासून?"

पाहुण्यांनीच आमच्या ॲपवर यावं, असा तोडगा मी सुचवला. पालीच्या ॲपच्या अधिकाऱ्यानं सरांना हेच उलट सुचवलं होतं. अखेर चंदाबाई एसटीनं पालीला गेल्या, माफी मागून आल्या. सर विरघळले. म्हणाले, "हुंडा नको, मानपान नको. मुलगी फक्त आमच्या ॲपवर यावी."

लग्न ठरलं. रचना खूश, पण आईशी बोलायचं कसं, म्हणून रडवेली. चंदाबाई पुन्हा माझ्यासमोर.

"दार लावलं कशाला?"

"उघडं ठेवलं तर लोक जातील."

"जायाचं ते जातील. कोंडलेलं मानूस काय तुमचं होतं व्हय?"

मला वाईट वाटलं. मी ते तक्रार म्हणून नोंदवलं.

चंदाबाईंनी सभा भरवली. 'दर्यासंवाद' सोडण्याचा ठराव एकमुखानं मंजूर झाला, आमच्याच ॲपवर टाकला गेला, नऊशे जणांनी अंगठा दिला. प्रत्यक्षात गेल्या एकट्या चंदाबाई, लेकीपाठी पालीच्या ॲपवर. आता त्यांना महिला मंडळाची बैठक कधी असते, ते कळत नाही.

तुम्हालाही चंदाबाईंचंच पटलं असेल. मग हे जरूर पुढं पाठवा. जाईल फक्त आमच्याच ॲपवरच्यांना. पण तुमची सगळी माणसं इथंच तर आहेत. म्हणून तर तुम्हीही इथं आहात.